डाव्या हाताचं लाकूड

“हात बदल मरे, लाकडाक कित्याक पिडतंस?”

मेस्त्रीकाका सहज बोलून गेले. मी नेलेला फणसाचा ठोकळा त्यांनी दोन-तीनदा फिरवून बघितला होता, एका कोपऱ्यावर नख ओढलं होतं, नाकाशी नेऊन वास घेतला होता. मग मी काढून नेलेला कागद त्यांनी उजेडात धरला. त्यावर माझ्या डाव्या पंजाची रेघ होती आणि तिच्या आत नेमबाजीच्या पिस्तुलाच्या मुठीचं चित्र. कागद खाली ठेवून त्यांनी चष्मा काढला आणि ते वाक्य म्हटलं. त्यात चेष्टा नव्हती, रागही नव्हता. उभा जन्म लाकडात घालवलेल्या माणसाचा तो सरळ सल्ला होता. ठोकळा त्यांच्याकडून चौरस करून घेतला, चहा झाला, घरी आलो, आणि रात्री जेवायला बसल्यावर पहिला घास तोंडाशी नेताना तेच वाक्य परत कानात वाजलं. कारण जेवतो मी उजव्या हाताने. ते मला कोणी शिकवलं आणि कसं, हे चांगलं आठवतं.

आजी कधी मारायची नाही. पानावर बसलं की माझा डावा हात ती आपल्या हातात घ्यायची आणि जेवण होईपर्यंत तसाच धरून ठेवायची. तिच्या हाताला खोबऱ्याचा वास असायचा. प्रसाद डाव्या हातात घेतला तर तो परत ताटलीत ठेवून उजव्या हाताने उचलायला लावायची, आरडाओरडा न करता, पुन्हापुन्हा. तेवढं सोडलं तर घरात कोणाला माझ्या डावखुरेपणाचं काही वाटलं नाही. शाळेत पाटीवर डाव्या हाताने लिहिलं तेही चाललं. पण वस्तूंना ते चालत नव्हतं. कात्री कागद कापायच्या ऐवजी दुमडायची. भातकापणीचा विळा उजव्या हाताच्या माणसासाठी पाजळलेला, तो माझ्या हातात पेंढीवरून घसरायचा. आडोळीवर, म्हणजे विळीवर, बसलो तर सगळेच ओरडायचे, बोट जाईल म्हणून. कॉलेजात लिहायची फळी असलेल्या खुर्च्या आल्या, त्या फळ्या सगळ्या उजवीकडे. अशा प्रत्येक ठिकाणी मी थोडा वळत गेलो. कमरेत वळलो, मनगटात वळलो, काही कामांसाठी सरळ हातच बदलला. हे वळणं इतकं अंगवळणी पडतं की आपण काही सोडून दिलंय हे ध्यानातही राहत नाही.

दहा मीटर एअर पिस्तूल हा खेळ मला उशिरा भेटला. घाट चढून वर गेलं की कोल्हापूर, आणि तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे यांच्या त्या गावात नेमबाजीची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. तिथल्याच एका निवृत्त नेमबाजाकडून मी माझं पहिलं पिस्तूल घेतलं. जुनं, बाजूचा दांडा एकदा पूर्ण ओढून हवा भरायची, साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा ठेवायचा, एक नेम. नळी उत्तम, यंत्र निरोगी, मूठ अक्रोडाची आणि उजव्या हाताची. ती मी डाव्या हातात घेतली तेव्हा अंगठा टेकायचा ओटा नेमका तळव्यात रुतला, आणि तळवा भरून काढायला जो भाग फुगवलेला होता त्याने माझ्या बोटांची टोकं बाहेर ढकलली. परदेशातून डावी मूठ मागवता येते, लहान, मध्यम, मोठी अशा मापांत. माझी बोटं लांब आणि तळवा अरुंद. शिवाय खर्च, जकात, वाट बघणं. त्या सगळ्यापेक्षा खरं कारण वेगळं होतं. आयुष्यात एक तरी वस्तू अशी असावी की तिने माझ्या हाताकडे वळावं, अशी इच्छा मनात उगवली होती आणि ती काही केल्या मरेना.

लोक विचारतात म्हणून इथे एक सांगून टाकतो. खरं पिस्तूल घरी घडवायला कायद्याने मनाई आहे, ती असायलाच हवी, आणि मला त्यात काडीचाही रस नाही. मी घडवली ती मूठ. बदलली ती मागची साइट, म्हणजे नेम जुळवायची मागची खाच. आणि बेतात आणलं ते ट्रिगरचं वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर. नळीला आणि हवेच्या यंत्राला मी हात लावला नाही. तरी ते सगळं एकत्र जोडून पहिल्यांदा उचललं तेव्हा ‘हे आपण केलं’ असंच वाटलं, आणि तसं वाटण्याचा मला हक्क आहे असं मी मानतो.

फणस आमच्याच परड्यातला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं, त्या दिवशी वाऱ्याचा आवाज सकाळपासून चढतच होता. माड वाकतात, परत उभे राहतात. फणसाला वाकता येत नाही. गोठ्याच्या कोपऱ्यावर तो मुळासकट आडवा झाला. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती, कौलं शोधत फिरत होतो, त्या गडबडीत झाडासाठी रडायलाही कोणाला फुरसत झाली नाही. गिरणीवर नेऊन फळ्या पाडल्या तेव्हा लाकूड पिवळंधमक होतं आणि करवतीच्या पात्याला चीक लागत होता. माळ्यावर फळ्यांमध्ये चिपा घालून त्या रचून ठेवल्या. इंचाला एक वर्ष हा लाकूड सुकवण्याचा जुना हिशेब, तो आमच्या दमट हवेत थोडा वाढवूनच धरावा लागतो. वर्षावर्षाने पिवळा रंग उतरून मधाळ तपकिरी झाला. आमच्याकडे दारं फणसाची, देव्हारे फणसाचे, भजनातल्या मृदंगाचं खोडही फणसाचं. त्याला वाळवी सहसा लागत नाही. पण त्याच्या रेषा उलटसुलट विणलेल्या असतात. रंधा वीतभर सुळकन जातो आणि पुढच्याच बोटभर जागेत ढलपी उचकटून काढतो. म्हणून माझ्या कामात पटाशी थोडी आणि कानस फार.

घरात बंदूक होती, हेही सांगायला हवं. काकांच्या नावावर शेतीसंरक्षणाचा परवाना, ठासणीची एकनळी. माजघरात उंचावर दोन खुंट्यांवर ती आडवी असायची. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा, निकाल लागून कामं उरकली की परत खुंट्यांवर. डुकरं भाताचं वाफ्यासकट वाटोळं करायची तेव्हा रात्री काका ती घेऊन खळ्यात बसायचे. बहुतेक वेळा एक बार आकाशात आणि झालं. तरी सकाळी माजघरात दारूचा जो जळका, आंबट वास राहायचा त्याने माझ्या पोटात गोळा यायचा. एकदा, ती रिकामी असताना, मी ती खांद्याला लावली, अर्थात डाव्या. काकांनी काही न बोलता ती माझ्या उजव्या खांद्यावर नेऊन ठेवली. पुढे खूप वर्षांनी कळलं की तिथे त्यांचंच बरोबर होतं. त्या बंदुकीचा घोडा उजव्या अंगाला, डावखुऱ्याच्या थेट तोंडासमोर. केप, म्हणजे बार पेटवणारी टोपी, फुटताना ठिणगी डोळ्यात जायची. काही वस्तूंपुढे हात बदलणं हेच शहाणपण असतं. मेस्त्रीकाकांचं वाक्य जिव्हारी लागलं ते कदाचित यामुळेच, की ते सरसकट चूक आहे असं मला म्हणता येईना.

माझ्या हातातल्या पिस्तुलाचं त्या बंदुकीशी नातं नाही असं मी म्हणणार नाही. घराणं एकच आहे. पण छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या घरात, आणि समोर कागद. त्या कागदापलीकडे कोणाचं काही जात नाही. गावात सुरुवातीला डुकरासाठी काहीतरी आणलंय अशी कुजबुज झाली. मी दोघातिघांना मांगरात, म्हणजे आमच्या शेतघरात, बोलावून नेम मारून दाखवला आणि कुजबुज संपली. मांगर आमचा चाळीस फूट लांब. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला जमिनीपासून एक मीटर चाळीस सेंटिमीटरवर कागद, त्यामागे लोखंडी पत्र्याची पेटी, आणि नेम चालू असेपर्यंत दाराला आतून अडणा. नेम संपला की शिशाचे हात साबणाने धुवायचे आणि मगच घरात शिरायचं.

आता मुठीबद्दल. पिस्तूल घट्ट पकडायचं असतं असं बाहेरून वाटतं. खरं तर हाताने काहीच करू नये यासाठी मूठ असते. कोपर सरळ, मनगट आवळलेलं, किलोभर वजन एकाच हाताने खांद्याच्या उंचीवर, आणि स्पर्धेत असं ७५ मिनिटांत ६० वेळा. १७० मिलिमीटरचा चौकोनी कागद, मधलं काळं ५९.५ मिलिमीटरचं, आणि दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. माझ्या पिस्तुलावर पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३३० मिलिमीटर अंतर आहे. त्या दोघींच्या मेळात एक मिलिमीटर फरक पडला की दहा मीटरवर छर्रा तीस मिलिमीटर सरकतो. दहा जायचा तिथे सात. आणि साइट एकमेकींशी जुळलेल्या ठेवून आख्खा हात पाच मिलिमीटर हलला, तर कागदावरही पाचच मिलिमीटर, दहा तरीही दहाच. हे पहिल्यांदा कागदावर आकडेमोड करून बघितलं तेव्हा मी बराच वेळ तसाच बसलो. हात हलतो म्हणून किती काळ मी स्वतःला त्रास करून घेतला होता! हात हलणारच, तो जिवंत आहे. मनगट तेवढं मोडता कामा नये. आणि मनगट मोडायचं की नाही, हे लाकडाचा कोन ठरवतो.

तो कोन शोधायची रीत सोपी आहे. डोळे मिटायचे, पिस्तूल उचलायचं, हात जिथे आपसूक थांबेल तिथे थांबू द्यायचं आणि डोळे उघडायचे. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध, वरच्या कडेला समपातळीत दिसली तर मूठ तुमची. ती खाली बुडालेली दिसली तर मुठीचा कल बदलायचा, एका बाजूला झुकलेली दिसली तर तळव्याच्या त्या बाजूचं लाकूड काढायचं किंवा भरायचं. उघड्या डोळ्यांनी हे कळत नाही, कारण डोळे लबाड असतात. ते हाताला गुपचूप दुरुस्त करून घेतात.

आधी मी मातीची मूठ केली. आमच्या गावच्या गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, गोळाभर माती आणली, लोखंडी पट्टीभोवती थापली आणि नेम धरल्यासारखा हात लांब करून ती दाबली. माती सुकताना आकसते, म्हणून मापं ओली असतानाच घेतली. हात उघडला तेव्हा मला माझा हात पहिल्यांदा बाहेरून दिसला. मधलं बोट बाकीच्यांपेक्षा किती जास्त दाबतं, करंगळी जवळजवळ रिकामी बसलेली असते, अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी किती वर चढते, हे सगळं मातीत होतं. बेचकी जितकी वर तितकी नळी हाताच्या जवळ, आणि तितका झटका कमी. ट्रिगरचं बोट मात्र लाकडाला कुठेही शिवता कामा नये. ते शिवलं की ट्रिगर ओढताना बोट लाकडालाही ढकलतं आणि पिस्तूल बाजूला वळतं.

मग लाकूड. आणि इथे मी खरोखर रमलो. संध्याकाळी घरी आलो की मांगरात दिवा लावायचा, ठोकळा शिकंजात धरायचा आणि कामाला लागायचं. जाड दातांच्या कानशीने आकार आला की पुढचं काम काजळीचं. समईची काजळी खोबरेलात कालवून डाव्या तळव्याला चोळायची. मूठ धरायची, पिस्तूल उचलून नेमाच्या उंचीवर थोडा वेळ ठेवायचं, आणि बोटं न सरकवता हात अलगद मोकळा करायचा. जिथे लाकूड जास्त दाबतं तिथे काळा ठसा दाट उमटतो, जिथे हलकं टेकतं तिथे करडा, आणि जिथे टेकतच नाही तिथे फणसाचा रंग कोराच राहतो. दाट ठसा अर्धगोल कानशीने घासायचा, पुसायचा, पुन्हा काजळी. तर्जनीच्या बुडाशी एक ठसा होता, तो काही केल्या जाईना. दर वेळी तिथेच, तेवढाच, मसुराएवढ्या जागेत. मी तिथे लाकूड काढत होतो आणि तो परत येत होता. शेवटी दिवा जवळ ओढून तळहात बघितला. तिथे एक जुना व्रण आहे, लहानपणी कोयती लागल्याचा. त्याची कड बाजूच्या कातडीपेक्षा किंचित उंच. त्या कडेसाठी लाकडात कागदाच्या जाडीची एक खोलगट रेघ घातली आणि ठसा नाहीसा झाला. आज मूठ उजेडात तिरकी धरली तर ती रेघ दिसते. कुठल्याही कारखान्याच्या मुठीत ती असू शकत नाही.

त्या दिवसांत फणसाची बारीक पिवळी भुकटी घामाने हातांच्या केसांत बसायची. अंघोळ केली तरी वास जात नसे, गोडूस, थोडा चिकाचा. मला तो आवडायला लागला.

पण मेस्त्रीकाकांचं वाक्य अधूनमधून डोकं वर काढायचंच. आणि त्याच्या बाजूने साक्ष द्यायला माझ्याच खेळातला माणूस उभा होता. कारोय टाकाच हा हंगेरीचा सैनिक, उजव्या हाताने नेम धरणारा अव्वल पिस्तूल नेमबाज. १९३८ मध्ये सदोष हातगोळा फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने कोणाला न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला. १९३९ मध्ये तो देशाच्या स्पर्धेला आला तेव्हा जुन्या सोबत्यांना वाटलं, बघायला आलाय. तो स्पर्धा जिंकून गेला. मधे युद्धाने दोन ऑलिंपिक खाऊन टाकली. १९४८ ला लंडनमध्ये आणि १९५२ ला हेलसिंकीत रॅपिड फायर पिस्तुलाचं सुवर्ण त्याने त्याच डाव्या हाताने घेतलं. हात बदलता येतो, याहून मोठा पुरावा कुठला? मी हे कितीदा वाचलं आणि दर वेळी अंगावर काटा आला. मात्र त्याच्याजवळ दुसरा हात उरलेला नव्हता. माझा डावा हात धडधाकट होता, आणि आजीच्या पंक्तीपासून आत्तापर्यंत तो वाट बघत होता, असं मला वाटायचं. हे वाटणं भाबडं असेल, पण खोटं नव्हतं.

शिवाय हातासोबत डोळाही असतो. बहुतेकांचा एक डोळा दुसऱ्यावर वरचढ असतो आणि नेम तोच धरतो. दोन्ही पंजे लांब करून त्यांच्यामध्ये लहानसं भोक करायचं, त्यातून दोन्ही डोळ्यांनी लांबची एखादी खूण बघायची आणि खूण न सोडता हात हळूहळू तोंडाकडे आणायचे. भोक ज्या डोळ्यापाशी येऊन थांबतं तो डोळा वरचढ. माझा डावा. हात बदलला असता तर डोळा मागे राहिला असता, आणि डोळ्याला काही आजीने शिकवलेलं नव्हतं.

श्रावणात परत मेस्त्रीकाकांकडे गेलो. चतुर्थी जवळ आलेली, ते कोणाच्या तरी माटवीची, म्हणजे गणपतीवर टांगतात ती, चौकट दुरुस्त करत होते. बाहेर पाऊस कौलांवरून एकसारखा ओतत होता आणि आत सागाच्या भुशाचा कोरडा वास. मी मूठ पिशवीतच ठेवली आणि त्यांचं काम बघत बसलो. त्यांनी एक पट्टी उचलली, सरळ आहे की नाही बघायला डोळ्याशी नेली. रंधा उजव्या हाताने मारणारा तो माणूस पट्टी डाव्या डोळ्याशी नेत होता. उजवा डोळा मिटून, मान जराशी वळवून. पुढची पट्टी उचलली, तीही तशीच. मला राहवलं नाही. त्यांना हातांचं भोक करायला लावलं, समोरच्या खांबावरचा खिळा बघायला सांगितलं. हात मागे येत येत डाव्या डोळ्यावर थांबले. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा डावाच.

“मगे माझां काम वाकडां खंय जातां?” त्यांनी जरा चिडूनच विचारलं.

“खंयच नाय,” मी म्हटलं. आणि ते खरंच होतं. त्यांनी आयुष्यभर पट्टी डोळ्याकडे नेली. डोळा पट्टीकडे नेला नाही.

मग मी मूठ काढून दिली. आधी उजव्या हातात घेतली, नाक मुरडलं, डाव्या हातात घेतली. डोळ्यांनी त्यांनी ती फारशी बघितलीच नाही. अंगठ्याच्या पोटाने कडेकडेने फिरले, तळव्याच्या जागी थांबले, पाम रेस्टच्या, म्हणजे तळव्याखालच्या टेकूच्या, खालून नख घातलं. मग तळव्याच्या मधोमध बोट दाबून म्हणाले, “हय पोकळ हा. पण हां, ऱ्हांव दे. हाताक घाम येता, वारो लागूक होयो.” मी तो खळगा भरून काढायच्या विचारात होतो, लाकडाची भुकटी आणि डिंक तयारही ठेवला होता. तो विचार तिथेच सोडला. कोकणातल्या जून महिन्यात ती मूठ हातात धरली की त्यांचं म्हणणं रोज पटतं. हात बदलण्याबद्दल मात्र ते पुन्हा काही बोलले नाहीत, आणि मीही विषय काढला नाही. त्यांचा सल्ला चुकीचा होता असं मला आजही म्हणवत नाही. ज्याने शेकडो हातांसाठी बाजारच्या मापाचे पाट, कोयत्यांच्या मुठी, नांगराच्या रुमण्या केल्या, त्याला एकाच हातासाठी इतकं लाकूड घासणं उधळपट्टीच वाटणार. आणि मला ती उधळपट्टी हवी होती.

शेवटचं काम बारीक. वॉर्निश लावायचं नाही, ते घामाने निसटतं. जिथे बोटं टेकतात तेवढी जागा टोकदार केलेल्या खिळ्याने आणि लहान हातोडीने टोकत जायची, एकाला लागून एक, ओळ न दिसेल अशी. रात्री तो टकटक आवाज लांबपर्यंत जायचा. मग जवसाच्या तेलाचे पातळ हात, मधे भरपूर दिवस सोडून. एकाने काजूच्या टरफलांचं तेल सुचवलं होतं. होड्यांना ते उत्तम, पण कातडी भाजते, हातात धरायच्या वस्तूला त्याचं नावही काढू नये. एवढं करूनही पावसाळ्यात लाकूड फुगतंच. आषाढात मूठ किंचित भरून येते आणि मनगट एका केसाने वर उचलल्यासारखं होतं. दिवाळीनंतर परत जागेवर. तेव्हा मागच्या साइटचे एक-दोन काटे फिरवायचे. नळीचं दुखणं वेगळं. खाऱ्या वाऱ्यात बोटाचा ठसासुद्धा दुसऱ्या दिवशी तांबूस होऊन उठतो, म्हणून प्रत्येक सरावानंतर तेलाचं फडकं.

घाटावर स्पर्धेला गेलो तेव्हा धाकधूक नेमाची नव्हती, तपासणीची होती. पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसायला हवं, वजन दीड किलोच्या आत, ट्रिगरने किमान पाचशे ग्रॅम उचलायला हवेत. पाम रेस्टचा मुठीशी कोन ९० अंशांपेक्षा कमी नको, आणि मनगट पूर्ण मोकळं दिसायला हवं, त्याला लाकडाचा टेकू नको. तपासनीस बाईंनी पिस्तूल पेटीत आडवं सोडलं, ते बुडाला टेकलं. ट्रिगरला वजन अडकवलं, ते उचललं गेलं. मूठ हातात घ्यायला गेल्या आणि थबकल्या, कारण त्या उजव्या. “डावी आहे,” मी म्हटलं, आणि हे सांगताना इतका अभिमान वाटेल अशी माझी कल्पना नव्हती. त्यांनी स्टिकर लावला आणि लाकूड कुठलं ते विचारलं. मी सांगितलं, आमच्या परड्यातलं, तौक्तेत पडलेलं. मागे उभा असलेला एक तरुण नेमबाज पुढे वाकून बघायला लागला.

आता माळ्यावरच्या फळीतून दुसरा ठोकळा काढलाय. हा माझ्यासाठी नाही. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयातली, एनसीसीत असलेली एक मुलगी दर रविवारी मांगरात सरावाला येते, तिच्यासाठी. हात उजवा, डोळा डावा. रायफलीत हे जोडपं फार छळतं, कारण गाल दस्त्याला चिकटलेला असतो. पिस्तूल हातभर लांब असल्याने मान थोडी वळवून भागतं. तरी दर वेळी मान वळवायची म्हणजे मानेला साठ वेळा त्रास. तिने मान वळवण्याऐवजी मुठीने मनगटाला अंशभर आत आणावं, असा माझा प्रयत्न आहे. त्यासाठी तळव्याच्या बाहेरच्या अंगाला लाकूड जास्त ठेवलंय आणि अंगठ्याचा ओटा थोडा मागे घेतलाय. मातीचा साचा झाला, काजळीचे पहिले ठसे झाले. डोळे मिटून उचललं की पुढची साइट अजून खाचेच्या डाव्या कडेला चिकटते; पूर्वी ती दिसतच नसे. तिचा हात वाढतोय, म्हणून पाम रेस्टखाली दोन सूत लाकूड जास्तीचं ठेवलंय. शिमग्याच्या सुट्टीत ती आली की नवीन माप घ्यायचं आहे.